उतारावर गाडी न्यूट्रल केली, तर पेट्रोल वाचते का?

समजा, सुट्टीत तुम्ही मामांच्या मोटारीतून वाशिमहून अकोल्याला निघाला आहात. मालेगाव मागे पडते, मेडशी येते आणि पुढे पातूरच्या दिशेने रस्ता डोंगर उतरू लागतो. मामा गिअरचा दांडा हलवून गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात आणि म्हणतात, "आता पाहा, खालपर्यंत फुकटचा प्रवास!" गाडी आपल्या वजनानेच धावू लागते. मागच्या बाकावरून मामी विचारतात, "मग एंजिन बंदच करा ना! तेवढेच आणखी वाचेल."

दोघांचेही म्हणणे पटण्यासारखे आहे. उतारावर पृथ्वीच गाडीला खाली ओढते, मग पेट्रोल कशाला जाळायचे? पण मामांच्या युक्तीने आजच्या मोटारीत पेट्रोल वाचत नाही, उलट थोडे अधिक जाते. मामींची सूचना तर जिवावर बेतू शकते. असे का, हे समजण्यासाठी आधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू.

पेट्रोल जाते कोठे?

मोटारीला पेट्रोल कशासाठी लागते? 'चालण्यासाठी' हे उत्तर पुरेसे नाही. न्यूटनचा पहिला नियम तुम्ही शिकला आहात. गतिमान वस्तूवर बाहेरून बल लागले नाही, तर ती त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते. म्हणजे सपाट रस्त्यावर एकदा ताशी ५० किलोमीटरचा वेग घेतला, की पुढे पेट्रोलची गरजच पडू नये! प्रत्यक्षात ती पडते, कारण गाडीला मागे खेचणारी बले सतत काम करीत असतात आणि एंजिनाला त्यांची भरपाई करावी लागते.

एखाद्या घरखर्चाच्या वहीत मांडावेत, तसे हे खर्च मांडून पाहू.

पहिला खर्च हवेचा. गाडी समोरची हवा ढकलून बाजूला सारते. दुसरा टायरचा. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग दबतो, वर आला की पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. तिसरा खर्च चढाचा. चौथा ब्रेकचा. पेट्रोल जाळून मिळविलेला वेग आपण ब्रेक दाबून क्षणात उष्णतेत घालवितो. पाचवा खर्च खुद्द एंजिनाचा. त्याचे दट्टे, साखळ्या, पंप फिरत ठेवायलाही ऊर्जा लागते, मग गाडी उभी का असेना.

आज आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. अशा एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३० मेगाज्यूल ऊर्जा साठविलेली असते. एक मेगाज्यूल म्हणजे १० लाख ज्यूल. यापैकी चाकांपर्यंत पोचते ती साधारणपणे चौथा हिस्सा, म्हणजे ७ ते ८ मेगाज्यूल. उरलेली बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून बाहेर जाते.

आता आपल्या हाती एक कसोटी आली. पेट्रोल वाचविण्याचा कोणताही उपाय कानावर आला, की विचारायचे : या उपायाने पाचांपैकी कोणता खर्च कमी होतो? उत्तर मिळाले नाही, तर तो उपाय नसून नुसता समज आहे असे खुशाल समजावे. ही कसोटी घेऊन आपण पुन्हा घाटात जाऊ.

घाटातला फुकटचा प्रवास

न्यूट्रलमध्ये चाके आणि एंजिन यांचा संबंध तुटतो. पण एंजिन चालूच असते. ते बंद पडू नये म्हणून त्याला थोडे थोडे पेट्रोल द्यावेच लागते. लहान मोटारीचे एंजिन असे नुसते फिरत राहिले, तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल पिते. सोयीसाठी मिनिटाला १० मिलिलिटर धरू. घाट उतरायला पाच मिनिटे लागली, तर ५० मिलिलिटर पेट्रोल गेले.

आता गाडी गिअरमध्येच ठेवली आणि ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, तर काय होईल? चाके फिरत आहेत आणि ती एंजिनाशी जोडलेली आहेत. त्यामुळे आता एंजिन चाकांना फिरवीत नाही, चाकेच एंजिनाला फिरवितात. एंजिन बंद पडण्याची भीतीच उरत नाही. आजच्या मोटारींत एंजिनाला किती पेट्रोल द्यायचे, हे एक लहानसा संगणक ठरवितो. ॲक्सिलरेटर सुटलेला आहे आणि एंजिन मात्र वेगाने फिरते आहे, हे ओळखून तो पेट्रोलच्या पिचकाऱ्या साफ बंद करतो. खर्च शून्य! वेग बराच कमी झाला, की पिचकाऱ्या पुन्हा सुरू होतात.

म्हणजे जी युक्ती मामा पेट्रोल वाचविण्यासाठी करतात, तिनेच हे ५० मिलिलिटर जाते.

मग हा समज आला कोठून? तो अगदीच निराधार नव्हता. ॲम्बॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी आणि १९८३ साली आलेली मारुती ८०० या गाड्यांत कार्ब्युरेटर असे. एंजिनात ओढली जाणारी हवा कार्ब्युरेटरमधून जाताना आपल्याबरोबर पेट्रोल खेचून नेई. उतारावर गिअरमध्ये असलेले एंजिन जितके वेगाने फिरे, तितके थोडेबहुत पेट्रोल ओढले जाई. म्हणून जुने चालक न्यूट्रल करीत. पुढे धुरावरील निर्बंध कडक झाले आणि २००० सालाच्या सुमारास नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. यंत्र बदलले, सवय मात्र वडिलांकडून मुलाकडे तशीच आली.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. उतार अगदी मंद असेल, तर गिअरमधील गाडीला एंजिन मागे धरते आणि वेग टिकविण्यासाठी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबावा लागतो. अशा ठिकाणी न्यूट्रलमधील गाडी अधिक दूर घरंगळेल हे खरे. परंतु घाटात प्रश्न गाडी पुढे नेण्याचा नसतोच, तिला आवरण्याचा असतो.

पाच रुपयांची बचत आणि ब्रेक

हे आवरणे म्हणजे काय, याचे गणित करून पाहू. प्रवाशांसह १,२०० किलोग्रॅमची मोटार समजा २०० मीटर खाली उतरली. तिची स्थितिज ऊर्जा किती कमी झाली? वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा. १,२०० × ९.८ × २०० म्हणजे सुमारे साडेतेवीस लाख ज्यूल. काही ऊर्जा हवा आणि टायर घेतील. निम्मीच ब्रेकच्या वाट्याला आली असे धरले, तरी तेवढ्या उष्णतेने साडेतीन लिटर गार पाणी उकळू लागेल. ही सारी उष्णता चार चाकांजवळच्या लोखंडी तबकड्यांना आणि ब्रेकच्या पट्ट्यांना सोसावी लागते. ब्रेक फार तापले की त्यांची पकड सैल होते. पाय दाबूनही गाडी थांबत नाही.

गाडी गिअरमध्ये असेल, तर हे ओझे एंजिनही उचलते. म्हणूनच ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, असा अनुभवी चालकांचा नियम आहे.

आता मामींची सूचना. एंजिन बंद केले तर ५० मिलिलिटर पेट्रोल वाचेल. लिटरला शंभर रुपये धरले तर पाच रुपये. त्याच्या बदल्यात काय जाते? मोटारीचा ब्रेक आपण केवळ पायाच्या जोराने लावीत नाही. एंजिन चालू असताना तयार होणारी निर्वात पोकळी त्या जोरात भर घालते. एंजिन बंद पडले की ही मदत दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंतच पुरते. मग पायाखाली जणू दगड येतो. सुकाणू फिरवायला मिळणारी मदतही थांबते. किल्ली चुकून पूर्ण मागे फिरली, तर सुकाणू अडकून बसण्याचाही धोका असतो. वळणाच्या घाटात, समोरून मालमोटार येत असताना, पाच रुपयांसाठी हे सारे गमवायचे काय?

थांबलेल्या गाडीचे काय?

एंजिन बंद करण्याची योग्य जागा वेगळीच आहे. अकोला–पूर्णा लोहमार्गावर एखादे फाटक लागले आहे. गाडी यायला अवकाश आहे. पण पुष्कळ चालक एंजिन चालूच ठेवतात. त्यांचे म्हणणे असे, की पुन्हा सुरू करायला जास्त पेट्रोल लागते.

उभ्या गाडीचे एंजिन चालू ठेवणे हा पाचवा खर्च. त्यात अंतर शून्य, म्हणून लिटरमागे किलोमीटरही शून्य. पिचकारीच्या गरम एंजिनाला पुन्हा सुरू होण्यासाठी लागणारे पेट्रोल हे ते दहाएक सेकंद नुसते चालू ठेवण्याइतकेच असते. फाटकावर दहा मिनिटे एंजिन चालले, तर १०० मिलिलिटर गेले. तेव्हा अर्ध्या-एक मिनिटाहून अधिक थांबायचे असेल, तर एंजिन बंद करणेच शहाणपणाचे. हाही समज कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. त्या वेळी गाडी सुरू करायला 'चोक' ओढावा लागे आणि पेट्रोल खरोखरच जास्त जाई.

हिवाळ्यात सकाळी एंजिन पाच-दहा मिनिटे गरम करीत उभे ठेवण्याची सवयही तेव्हाचीच. आजच्या एंजिनाला अर्धा मिनिट पुरतो. त्यानंतर सावकाश निघावे. चालता चालता ते लवकर गरम होते.

मोकळा रस्ता मिळाला की गाडी जास्त 'ॲव्हरेज' देते?

आता रस्ता बदलू. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यात कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या भागांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. येथे सिग्नल नाहीत, खड्डे नाहीत. मोटारींना सपाट भागात ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. 'गाडी मोकळी पळाली की ॲव्हरेज वाढते', असे अनेक जण म्हणतात.

यात अर्धे सत्य आहे. ब्रेक आणि थांबणे हे दोन खर्च अशा रस्त्यावर खूप कमी होतात. गावातल्या रखडत्या वाहतुकीपेक्षा येथे लिटरमागे अधिक किलोमीटर मिळणारच. पण त्याचे श्रेय वेगाला नाही, एकसारख्या चालीला आहे.

वेगाने हवेचा खर्च वाढतो, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १२० वर गेलो म्हणजे वेग दीडपट झाला. हवेचा विरोध मात्र दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोनपट. टायरचा विरोध फारसा बदलत नाही. एका लहान मोटारीसाठी बेरीज केली, तर ताशी ८० ला सुमारे ३३० न्यूटन आणि १२० ला सुमारे ५८० न्यूटन विरोध येतो. जोराने काम करताना एंजिनाची कार्यक्षमता काहीशी सुधारते, त्यामुळे पेट्रोल तितक्या प्रमाणात वाढत नाही. तरीही दर किलोमीटरला ते दीडपटीच्या आसपास जाते. १२० किलोमीटरच्या प्रवासात अर्धा तास वाचतो आणि दोन लिटरांहून अधिक पेट्रोल जादा लागते. अर्धा तास हवा की दोन लिटर, हे ज्याने त्याने ठरवावे. पण दोन्ही एकदम मिळत नाहीत.

मग गाडी बैलगाडीच्या चालीने न्यावी काय? तसेही नाही. अगदी सावकाश, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चालविली, तर तेच अंतर जायला वेळ अधिक लागतो आणि पाचवा खर्च वाढत जातो. हवेचा खर्च वेगाबरोबर वाढतो आणि एंजिनाचा खर्च वेगाबरोबर घटतो. म्हणून दोहोंच्या मध्ये कोठेतरी सर्वांत फायद्याचा वेग असतो. १९७३ साली खनिज तेलाच्या किमती अचानक भडकल्या. त्यानंतर, १९७८ साली, केंद्र सरकारने पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघटना स्थापन केली. ही संघटना मोटारचालकांना ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाची शिफारस करीत आली आहे, ती याच कारणाने. समृद्धीवर इतके हळू जाणे मागच्या वाहनांना अडचणीचे ठरेल. पण १२० ऐवजी ८०–९० ठेवणे आपल्या हाती असते.

याच गणिताने वातानुकूलनाचा वादही सुटतो. वातानुकूलन यंत्र एंजिनाकडून एक ते तीन किलोवॉट शक्ती घेते. गावात ताशी ३० च्या वेगाने जाताना खुद्द गाडीला चालायलाही जवळजवळ तेवढीच शक्ती लागते. तेथे काचा उघडणे नक्कीच स्वस्त. महामार्गावर गाडीलाच दहा-बारा किलोवॉट लागतात, त्यात यंत्राचा वाटा लहान असतो. उलट उघड्या काचांतून हवा आत घुसून विरोध वाढतो. त्यामुळे तेथे दोहोंतला फरक थोडाच उरतो. मे महिन्यात उन्हात तापलेली गाडी आधी काचा उघडून दोन मिनिटे चालवावी, गरम हवा बाहेर जाऊ द्यावी आणि मग यंत्र लावावे, हा दोन्हींचा मेळ.

पेट्रोल सकाळी भरावे की दुपारी?

'पेट्रोल पहाटे भरावे. गारव्याने ते आकसलेले असते, म्हणून त्याच लिटरात जास्त मिळते.' हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. पदार्थ तापल्याने प्रसरण पावतो, हे तत्त्व बरोबर आहे. पेट्रोलचे आकारमान दर अंश सेल्सिअसला हजारात सुमारे एक भाग वाढते.

पण पंपावरचे पेट्रोल असते कोठे? जमिनीखालच्या टाकीत. वाशिमकडच्या खोल विहिरीचे पाणी आठवा. भर उन्हाळ्यात ते गार लागते आणि थंडीत सकाळी त्यातून वाफा निघतात. पाणी बदलत नाही, बाहेरची हवा बदलते. जमिनीच्या पोटात दिवस-रात्रीचा फरक फारसा पोचत नाही. टाकीतले पेट्रोल पहाटेपासून दुपारपर्यंत दोन अंशांनी तापले असे मोठ्या मनाने मानू. तरी ३० लिटरांमागे फरक पडतो तो ६० मिलिलिटरांचा. पहाटेच्या रांगेत सहा मिनिटे एंजिन चालू ठेवलेत, की तो तेथेच संपला!

मात्र एक काम खरोखरच सकाळी करण्याजोगे आहे. ते म्हणजे टायरमधील हवा तपासणे. गाडी चालली की टायर तापतो आणि आतला दाब वाढतो, त्यामुळे मोजमाप चुकते. गार टायरमध्ये उत्पादकाने सांगितलेलाच दाब हवा. तो कमी असला, तर टायर जास्त दबतो आणि दुसरा खर्च वाढतो. जास्त भरला, तर पेट्रोल किंचित वाचेल, पण रस्त्यावरील पकड कमी होईल, टायर मध्येच झिजेल आणि तापल्यावर धोका वाढेल.

काही ठिकाणी साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरून देतात. 'नायट्रोजन तापून फुगत नाही', असे सांगितले जाते. पाठ्यपुस्तक उघडून पाहा. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच असतो, आणि वायूंचा नियम सर्व वायूंना सारखाच लागू पडतो. टायर ३० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापला, म्हणजे निरपेक्ष तापमान ३०३ वरून ३३३ झाले. दाबही त्याच प्रमाणात, सुमारे दहा टक्क्यांनी वाढणार, आत हवा असो की नायट्रोजन. कोरडा नायट्रोजन थोडा सावकाश झिरपतो, एवढेच. महिन्यातून एकदा हवा तपासणाऱ्याला त्याची गरज नाही.

महागडे पेट्रोल आणि लोहचुंबक

जास्त ऑक्टेन अंकाच्या महागड्या पेट्रोलने ॲव्हरेज वाढते, हाही एक समज. ऑक्टेन अंक पेट्रोलमधील ऊर्जा सांगत नाही. एंजिनात दाब वाढला असता पेट्रोल वेळेआधीच पेटून ठोके पडू नयेत, ही क्षमता तो सांगतो. याचा उत्तम पुरावा म्हणजे इथेनॉल. त्याचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा वरचा आहे. पण एका लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जा मात्र पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी मिळते. गाडीच्या पुस्तिकेत जास्त ऑक्टेनची मागणी नसेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजून उपयोग नाही.

आणि पेट्रोलच्या नळीवर बसवायचे लोहचुंबक? 'चुंबकाने पेट्रोलचे रेणू सुटे होतात आणि ते पूर्ण जळते', अशी जाहिरात असते. आपली कसोटी लावू. सुस्थितीतील एंजिनात जवळजवळ सगळे पेट्रोल जळतेच. न जळता बाहेर जाणारा अंश फार तर एक-दोन टक्के. तो सारा वाचविला, तरी वीस टक्के बचत येणार कोठून? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पेट्रोल वाचविण्याचा दावा करणारी शंभरांहून अधिक उपकरणे तपासली. लक्षणीय बचत करणारे एकही तिला आढळले नाही.

मग लोकांना अनुभव येतो तो कसा?

येथे तुम्ही म्हणाल, 'पण आमच्या शेजारच्या काकांनी चुंबक बसविले आणि त्यांना खरोखरच फरक दिसला. ते काय खोटे बोलतात?' मुळीच नाही. त्यांना फरक दिसला असेल. प्रश्न आहे तो फरक कशाने पडला याचा.

काका वाशिमहून अकोल्याला गेले असे समजा. काटेपूर्णा नदी वाशिम जिल्ह्यातील डोंगरात उगम पावते आणि उत्तरेकडे अकोला जिल्ह्यात उतरून पूर्णेला मिळते. नदी नेहमी उताराकडे वाहते, तेव्हा वाशिम उंच आणि अकोला सखल हे तिनेच सांगितले. वाशिम समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे आणि अकोला सुमारे २८० मीटरवर. फरक २७० मीटर. १,२०० किलोग्रॅमची मोटार तेवढी वर चढवायला १,२०० × ९.८ × २७०, म्हणजे सुमारे ३२ लाख ज्यूल लागतात. एका लिटरातून चाकांना साडेसात मेगाज्यूल मिळतात असे धरले, तर केवळ या चढासाठी सुमारे ०.४ लिटर पेट्रोल हवे. उतरताना यातला बराच भाग परत मिळतो, काही ब्रेकमध्ये जातो.

अंतर अंदाजे ८० किलोमीटर आहे. सपाट रस्ता असता तर ४.४ लिटर लागले असते, असे समजू. उतरताना ४.१ लागतील, चढताना ४.८. म्हणजे जाताना लिटरला साडेएकोणीस किलोमीटर आणि येताना साडेसोळाच्या थोडे वर. काहीही न बसविता तीन किलोमीटरचा फरक! काकांनी वाशिमला येतानाचा आकडा लिहून ठेवला असेल, अकोल्यात चुंबक बसविले असेल आणि नंतर कधी वाशिमहून अकोल्याला जाताना पुन्हा मोजले असेल, तर चुंबकाचा चमत्कार त्यांना दिसणारच. तो चमत्कार अजिंठ्याच्या डोंगररांगेचा आहे.

दुसरी फसगत टाकीची. टाकी 'फुल्ल' करताना पंपाची नळी कधी थोडी आधी बंद होते, कधी थोडी नंतर. अर्ध्या लिटराची चूक सहज होते. पाच लिटरांच्या प्रवासात ही चूक दहा टक्के झाली. चाळीस लिटरांच्या हिशेबात ती सव्वा टक्का होते.

तिसरी फसगत आपल्या मनाची. नवे उपकरण बसविले, की माणूस नकळत जपून गाडी चालवू लागतो. ॲक्सिलरेटर हळू दाबतो, पुढचा सिग्नल पाहून आधीच पाय काढतो, ब्रेक कमी वापरतो. पेट्रोल खरेच वाचते. पण ते चुंबकाने नव्हे, पायाने वाचते. हा पाय मात्र फुकट मिळालेला आहे, त्याला दुकानात जावे लागत नाही.

स्वतः करून पाहा

घरात मोटार किंवा स्कूटर असेल, तर हा प्रयोग मोठ्यांच्या मदतीने जरूर करा. एकाच पंपावर, एकाच नळीने टाकी भरा. नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबा. किलोमीटरचा आकडा वहीत लिहा. मोटार किमान पाचशे किलोमीटर चालू द्या. प्रवास एकाच दिशेचा नको, जाऊन परत आलेला हवा, म्हणजे चढ-उतार फिटतात. मग पुन्हा तशीच टाकी भरा. कापलेले अंतर भागिले दुसऱ्यांदा भरलेले पेट्रोल, हे तुमचे उत्तर.

एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिल्या खेपेस टायरमधील हवा आहे तशीच ठेवा, दुसऱ्या खेपेस सकाळी योग्य दाबाची भरा. किंवा एका खेपेस ताशी १०० ने आणि दुसऱ्या खेपेस ताशी ८० ने जा. प्रत्येक प्रयोग दोन-तीनदा करा. तीन वेळा मोजून आलेले आकडे आपापसांतच जितके कमी-जास्त असतील, तितका फरक केवळ मोजणीचा समजावा. त्याहून मोठा फरक दिसला, तरच तो खरा.

भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून आणावे लागते, तेव्हा थेंब वाचविण्याची इच्छा योग्यच आहे. पुढच्या वेळी मेडशीचा घाट आला आणि मामांचा हात गिअरच्या दांड्याकडे गेला, तर त्यांना हे ५० मिलिलिटरांचे गणित सांगा. पटले नाही, तर वाद घालू नका. घरी परतल्यावर वही दाखवा.